विचारून घेतलेलं पाणी

आमच्या गावात हल्ली कोणी शेजाऱ्याकडे शिडी मागायला गेला, की ओसरीवर बसलेला एखादा तरी म्हणतो, "विचारू नको बे, विचारलं का हक्क जाते." मग सगळे हसतात. मी तिथे असलो तर जरा जास्त हसतात. हे वाक्य माझ्यावरून निघालं आहे. तालुक्याच्या कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून मी जे बोललो, त्याचा गावाने काढलेला हा अर्क.

हसू द्या. पण गाव हसतं ते अर्ध्याच गोष्टीवर. उरलेली अर्धी मी बरीच वर्षं पोटात ठेवली आणि शेवटी जिल्ह्याच्या कोर्टात शपथेवर लिहून दिली. शिक्का बसलेल्या कागदावर आलेली गोष्ट आता लपवायची कोणापासून? म्हणून सरळ सांगतो.

मी एका हायस्कुलात लिपिक आहे. लोक मला 'बडे बाबू' म्हणतात. बोलणं मला कधी जमलं नाही. लग्नाच्या मांडवातही मी वाढपाच्या मागे पाण्याच्या पिंपापाशी उभा असतो, म्हणजे कोणाशी बोलावं लागत नाही. पण कागद हातात आला की मी वेगळा माणूस होतो. गावातले निम्मे अर्ज माझ्या अक्षरातले आहेत. एकदा आमच्या शेतांकडे जाणारी पांदण एकाने काटे टाकून अडवली, तेव्हा तहसीलदारांपुढे मी एकटा उभा राहिलो आणि रस्ता मोकळा करून आणला. वकील नाही, कोणी नाही. त्या दिवशी गावाने मला चहा पाजला. तो चहा मला फार दिवस चढलेला होता.

आता शेताचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. मातीचा पार, म्हणजे बांध, घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि पाऊस गेला की खालच्या धानाला सोडायचं. बोडी आमची नाही. ती वरच्या शेजाऱ्याच्या जमिनीत आहे. तिच्या खाली आधी माझ्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली वावरं, आणि माझ्या खाली दादाच्या. दादा गेला तेव्हापासून त्या खालच्या बांध्या वहिनी करते. एकटी करते. माझा महिन्याचा पगार आहे, माझं धान बुडालं तरी माझ्या घरची चूल पेटते. वहिनीला धानाशिवाय दुसरं काही नाही. म्हणून बोडीच्या पाण्यात खरा जीव तिचा अडकलेला होता, माझा नाही. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

आश्विनात पाऊस हात आखडतो आणि नेमकं तेव्हा धान पोटरीवर असतं. त्या दहा-पंधरा दिवसांत एक पाणी मिळालं तर लोंब भरते, नाही मिळालं तर पोचट राहते. दरवर्षी त्या दिवसांत आमच्या घरचा एक माणूस सकाळी बोडीवाल्याच्या अंगणात जायचा. आधी माझे वडील, मग दादा, मग मी. जायचं, खाटेच्या टोकाला बसायचं आणि म्हणायचं, "मावशी, पानी सोडू का?"

मावशी म्हणजे बोडीवाल्याची आई. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "विचारता कायले बाबू? तुमच्या आज्यानं आमच्या आज्यासंग माती वाहिली या पारावर. पानी तुमचंबी हाय. सोडा. पन चहा पिऊन जा."

मग चहा व्हायचा आणि मग पाणी. विचारायची गरज नव्हती आणि विचारल्याशिवाय चालतही नव्हतं. आमच्याकडे आपल्याच भावाच्या खळ्यावरून बैल न्यायचा तरी माणूस बाहेरून आवाज देतो. हे कुठे लिहिलेलं नसतं.

मावशी वारली. तिचा मुलगा माझ्याच वर्गातला. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढच्या आश्विनात मी त्याच्या अंगणात गेलो आणि विचारलं. तो म्हणाला, "मासे टाकले बे बोडीत. पानी उतरलं का मरून जातीन. यंदा राहू दे." त्याच्या पुढच्या वर्षी त्याने पाणी सोडायची मोरीच सिमेंटने बुजवली.

वहिनी मला म्हणाली, "वकील करा भाऊजी. चांगला पाहून करा."

मी म्हणालो, "वकील कायले? माझ्याजवळ कागद आहेत."

कागद होते. जुन्या काळी सरकारने जमिनींची मोजणी आणि सारा ठरवण्याचा बंदोबस्त केला त्या वेळी प्रत्येक गावाच्या रूढी लिहून ठेवल्या होत्या, त्या कागदाला 'वाजिब-उल-अर्ज' म्हणतात. आमच्या गावाच्या त्या कागदात या बोडीचं पाणी खालच्या शेतांना जातं असं लिहिलेलं आहे. मी त्याची झेरॉक्स मिळवली होती. ती घडी करून खिशात ठेवली की मला वाटायचं, आपण बंदूक घेऊन चाललो आहोत. झेरॉक्स नुसती फाईलला लावून भागत नाही, सही-शिक्क्याची नक्कल आणावी लागते आणि ती कोर्टाकडून पुराव्यात वाचून घ्यावी लागते, हे मला शेवटी निकालात वाचून कळलं. त्या कागदाला कोर्टाने कधी नंबरच दिला नाही. माझी बंदूक तीन वर्षं फाईलमध्ये रिकामी पडून होती आणि मी तिच्या भरवशावर होतो.

दावा मी माझ्या अक्षरात लिहिला. वादी क्रमांक एक मी, वादी क्रमांक दोन वहिनी. वहिनीच्या वतीनेही मीच बोलेन असा अर्ज दिला. पहिल्याच एक-दोन तारखांना न्यायाधीश बाईंनी तो अर्ज वाचला आणि मला जवळ बोलावलं. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, आवाज मऊ होता.

"तुमच्यापुरतं तुम्ही स्वतः चालवा. कायदा अडवत नाही. पण वहिनींचा दावा तुम्ही का चालवता? त्यांना विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. स्त्रियांना फुकट मिळतो. आज अर्ज दिलात तर मी आजच पाठवते."

मी म्हणालो, "विचारून सांगतो मॅडम."

आता ही ती अर्धी गोष्ट. मी वहिनीला विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणे कोर्ट?" आणि मी म्हणालो, "मॅडम म्हणाल्या, बडे बाबू, तुमचं मांडणं चांगलं आहे. वकिलाचं काही काम नाही." त्यानंतर मी तिच्यापुढे एक कागद धरला. कोर्टाला काही कळवायचं असलं की एका कागदावर लिहून देतात, त्याला पुरसिस म्हणतात. त्या पुरसिसवर मी लिहिलं होतं की वादी क्रमांक दोन हिला मोफत वकील नको आहे. मी म्हणालो, "इथे सही करा, तारखेसाठी लागते." तिने शेंगांचे हात पदराला पुसले आणि सही केली. ती वाचू शकते. वाचलं नाही, कारण कागद माझ्या हातात होता.

का केलं, याचा मी फार विचार केला आहे आणि मला त्यात काही खोल सापडलेलं नाही. मला ते आवडायला लागलं होतं, एवढंच. कोर्टाचा शिपाई व्हरांड्यात पुकारा करायचा, "वादी स्वतः हाजिर?" आणि मी उठायचो तेव्हा काळे कोट बाजूला व्हायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलायचो आणि समोर बसलेलं माणूस ते टाईप करून घ्यायचं. वकील आला असता तर मी पुन्हा पाण्याच्या पिंपापाशी गेलो असतो. वहिनीच्या धानावर मी माझी हौस भागवली. याला दुसरं नाव असेल तर ते वाचणाऱ्याने द्यावं, मला नको.

साक्षीचा दिवस आला. समोरचा वकील गोंदियाचा, पिकल्या केसांचा, पान खाणारा. व्हरांड्यात मला म्हणाला, "बडे बाबू, आप तो बहुत अच्छा लिखते हो. हमारे ऑफिस में आ जाओ." मी खूश झालो. आत गेल्यावर त्याने माझा उलटतपास असा घेतला की जणू सोयरिकीला आला आहे.

"तुम्ही शाळेत नोकरी करता. गावात तुमचं नाव चांगलं आहे."

"हो."

"न विचारता कोणाच्या वस्तूला हात लावणारे तुम्ही नाही."

"बिलकूल नाही."

"वडीलही तसेच होते."

"माझ्यापेक्षा कडक होते."

"मग दरवर्षी पाणी सोडण्याआधी माझ्या पक्षकाराच्या घरी जाऊन विचारत होते?"

"हो. एक वर्षसुद्धा न विचारता सोडलं नाही."

"म्हणजे परवानगी घेऊनच पाणी घेतलं."

"हो. आम्ही चोर नाही."

"त्या घरून हो म्हटल्यावरच मोरी उघडायची?"

"हो."

"झालं माझं," असं म्हणून तो खाली बसला. मी एवढा वेळ घाबरून होतो की हा ओरडेल, बोट दाखवेल. त्याने तर माझी अब्रूच वाढवली, असं मला वाटलं.

न्यायाधीश बाईंनी टाईप करणाऱ्याला ते सांगून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. साक्षीदाराचा उलटतपास झाला की त्याचा स्वतःचा वकील उठतो आणि राहिलेलं विचारून घेतो. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, कारण त्या खुर्चीवरचा माणूस पिंजऱ्यात उभा होता. बाई म्हणाल्या, "या उत्तरांवर तुम्हाला काही खुलासा करायचा आहे का? विचार करून सांगा."

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी छाती काढून म्हणालो, "नाही मॅडम. जे खरं आहे ते सांगितलं."

संध्याकाळची बस चुकली होती. बोडीवाला मोटारसायकलवर फाटकाशी थांबला होता. "चाल ना बे. आता बस नाही भेटत." आमच्याकडे दावा कोर्टात असतो, गाडीवर नसतो. मी मागे बसलो. तालुक्याचं गोरेगाव सोडल्यावर तो मान मागे करून म्हणाला, "तू आज लय चांगला बोलला." मी म्हणालो, "खरं बोलाले काय लागते." त्याने मान पुन्हा पुढे वळवली. त्यालाही तेव्हा कळलं नव्हतं असं मी मानतो. नसेल कळलं.

कळलं ते युक्तिवादाच्या दिवशी. पिकल्या केसांचा वकील उठला आणि माझी साक्ष वाचून दाखवली. म्हणाला, परवानगीने घेतलेलं पाणी शंभर वर्षं घेतलं तरी त्याचा हक्क होत नाही. हक्कवाला विचारत नाही. विचारतो तो दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असतो. वादीच्या तीन पिढ्यांनी दरवर्षी विचारलं, हे वादीच शपथेवर सांगतो. मग दावा कशाचा?

मी उठलो. माझ्याकडे अकरा पानं लिहिलेली होती. त्यातलं एकही पान या प्रश्नाचं नव्हतं. मला मावशी आठवत होती, तिची खाट, तिचं 'विचारता कायले'. पण तो पुरावा देण्याचा दिवस नव्हता. युक्तिवादात नवी गोष्ट सांगता येत नाही, बाईंनी मला दोनदा समजावलं. मी अकरा पानं वाचली. पंखा फिरत होता आणि मी वाचत होतो.

दावा खर्चासह नामंजूर झाला.

निकालाची नक्कल घेऊन मी वहिनीकडे गेलो. तिने ती मला वाचायला सांगितली. मी अंगणात बसून पान-पान वाचलं. नवव्या पानावर एक परिच्छेद होता: वादी क्रमांक दोन हिला विधी सहाय्य देऊ केले असता तिने पुरसिस देऊन ते नाकारले. त्या परिच्छेदावर मी आलो, श्वास घेतला आणि पुढच्या परिच्छेदापासून वाचायला लागलो. वहिनीला कळलं नाही. वाचून माझा घसा कोरडा पडला असेल असं तिला वाटलं आणि तिने पाण्याचा गडवा पुढे सरकवला.

मग ती म्हणाली, "आता गोंदियाले जाता येते म्हनतेत ना? वरच्या कोर्टात?"

अपील करायला तीस दिवस असतात. मी म्हणालो, "पाहू." मग म्हणालो, "त्यात काही अर्थ नाही." मग म्हणालो, "वरचं कोर्ट खालच्याचंच ऐकते." अपील म्हणजे वकील, वकील म्हणजे नववं पान. सव्वीस दिवस मी असंच काही-बाही सांगत गेलो. तेवढ्या दिवसांत तिचं धान पोटरीत वाळलं. बोडी भरलेली होती. पारावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी आणि मासे उसळताना दिसायचे, आणि दुसऱ्या बाजूला माझ्या बांध्यांच्या पलीकडे तिचं शेत, पाचटासारखं झालेलं. मी तिकडे जाणं बंद केलं. ती रोज जायची.

सव्विसाव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती लोंब्या चोळून पाहत होती, हातात दाणा कमी आणि फोलपट जास्त. मी उभ्या-उभ्या सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या होत्या, मी काय सांगितलं, सही कशावर घेतली, वाचताना कोणता परिच्छेद सोडला. बसलो असतो तर सगळं सांगून झालं नसतं.

वहिनीने हातातलं फोलपट फुंकून टाकलं.

"काऊन पन?" एवढंच म्हणाली.

"मले कोर्टात बोलाले आवडत होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला रडू आलं असतं किंवा तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमचे दादा होते तं तुमाले आवडाचं काही दुसरं शोधून देल्लं असतं." मग उठली. "किती दिवस राहिले?"

"चार."

"मंग उभे कायले हाव? गाडी काढा. मी लुगडं बदलतो."

गोंदियाला विधी सेवेच्या कार्यालयातून आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या. तरुण होत्या, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायच्या आणि मला 'काका' म्हणायच्या. त्यांनी सगळी फाईल आमच्यासमोर वाचली. माझ्या साक्षीवर आल्या आणि पेन्सिल थांबली.

"काका, तुम्ही विचारल्यावर त्या बाई काय म्हणायच्या?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. न्यायाधीशांनी नाही, समोरच्या वकिलाने तर नाहीच, आणि माझ्या स्वतःच्या वकिलाने, म्हणजे मी, कधी नाही. मी मावशीचं उत्तर सांगितलं. 'विचारता कायले' पासून चहापर्यंत.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हे कोर्टात का नाही सांगितलं? त्या बाईनेच हक्क कबूल केला आहे. आजोबांनी पार बांधला, पाणी तुमचंही आहे. पूरी केस इसमें है काका."

"कोणी विचारलं नाही."

वहिनी बाजूच्या खुर्चीवरून म्हणाली, "मलेबी मालूम होतं हे. मावशीचा चहा मीबी पेल्ली हाव." तिलाही कोणी विचारलं नव्हतं. तिला तर मी साक्षीलाच आणलं नव्हतं. घाबरेल म्हणालो होतो.

मग वकीलबाईंनी जे सांगितलं ते सरळ होतं. माझी साक्ष आता पुसता येत नाही. पण वहिनीला नव्याने संधी मिळू शकते, जर हे दाखवता आलं की तिने वकील नाकारलाच नव्हता, तिची सही तिला न सांगता घेतली गेली.

"आणि हे सांगणार कोण?" त्या म्हणाल्या.

"मी."

"काका, समजून बोला. शपथपत्र द्यावं लागेल, भर कोर्टात वाचलं जाईल. समोरचे म्हणतील हा माणूस लबाड आहे. शाळेत कळेल, गावात कळेल. आणि एक गोष्ट, तुमचं अपील मला चालवता येणार नाही. तुमचं आणि यांचं हित आता वेगळं झालं. तुम्ही दुसरा वकील पाहा."

मी म्हणालो, "माझं राहू द्या. यांचं करा."

वहिनीने माझ्याकडे वळून पाहिलं, पण अडवलं नाही. तिने अडवायचं काही कारण नव्हतं.

शपथपत्र मी माझ्या अक्षरात लिहायला घेतलं तर वकीलबाईंनी कागद ओढून घेतला. "तुम्ही लिहू नका काका. तुम्ही फक्त सांगा." मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. दीड पान झालं. माझ्या अकरा पानांपेक्षा त्या दीड पानात जास्त होतं.

ते वाचलं गेलं त्या दिवशी कोर्टात आमच्या तालुक्याची बरीच माणसं होती. पिकल्या केसांचा वकील म्हणाला, जो आपल्या विधवा भावजयीला फसवतो त्याच्यावर कोर्टाने काय विश्वास ठेवावा? मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला उठून काही बोलायची परवानगी नव्हती आणि पहिल्यांदा मला बोलावंसंही वाटलं नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. फसवलं होतंच. पण ते खरं आहे म्हणूनच वहिनीला पाणी मिळायला हवं होतं, हे त्याला दिसत नव्हतं. शाळेत दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक माझ्याशी बोलले नाहीत. चौकात कोणीतरी म्हणालं, "बडे बाबू, सही कुठं करू? वाचू का नको?" मी म्हणालो, "वाच. माझ्या हातचा कागद असला तर दोनदा वाच."

कोर्टाने वहिनीपुरता निकाल रद्द केला. तिचा दावा खाली परत पाठवला, वकिलासह नव्याने चालवायला. आणि निकाल होईपर्यंत तिच्या धानाला पूर्वीसारखं पाणी द्यावं, असा हुकूम दिला. माझ्यापुरता जुना निकाल कायम राहिला.

तो दावा अजून सुरू आहे. त्यात मी वहिनीचा साक्षीदार आहे. लोक मला शहाणपण शिकवतात, आता तरी सांग की आम्ही विचारत नव्हतो, सरळ मोरी उघडत होतो. मी तसं सांगणार नाही. पिकल्या केसांचा वकील पुन्हा विचारेल, विचारून घ्यायचे का, आणि मी पुन्हा हो म्हणेन. वडील विचारायचे, दादा विचारायचा, मी विचारलं. विचारण्यात चूक नव्हती. ज्या कायद्यात माणसाचं विचारणं त्याच्याच विरोधात जातं, त्या कायद्यासमोर माणसाने एकट्याने उभं राहू नये, एवढंच मी शिकलो. आणि जिथे विचारायलाच हवं होतं, वहिनीच्या अंगणात, तुरीच्या शेंगांपाशी, तिथे मी विचारलं नाही. माझा गुन्हा तो. बाकी गावाने काय हसायचं ते हसावं.

हुकूम झाला तेव्हा पुढच्या वर्षीचा आश्विन लागला होता. वकीलबाईंनी वहिनीला बजावलं, त्या घरी जायचं नाही, विचारायचं तर बिलकूल नाही. हुकूम दाखवायचा आणि पाणी घ्यायचं. त्या घरच्या अंगणात यंदा आमच्याकडून कोणी गेलं नाही. मला ते बोचतं. पण मी वकीलबाईंचं ऐकलं.

एक अडचण होती. पाणी बोडीतून निघालं की ते आधी माझ्या बांध्यांत उतरतं आणि मग खाली जातं. माझा हक्क तर कोर्टाने काढून टाकला होता. माझ्या धानाने ते पाणी प्यायलं की समोरचा लगेच म्हणेल, वहिनीच्या नावाने हाच पितो. म्हणून मी शाळेतून दोन दिवसांची रजा टाकली आणि माझ्या धुऱ्याला, म्हणजे हद्दीच्या बांधाला धरून, बोडीपासून वहिनीच्या पहिल्या बांधीपर्यंत, एक वेगळा पाट खणला. माझंच उभं धान कापून खणला.

सकाळी बोडीवाल्याने स्वतः छिन्नी घेऊन मोरीतलं सिमेंट फोडलं. पाराच्या कडेवर उकिडवा बसून तो माझ्याकडे पाहत होता.

"तुह्या बांधीत एक थेंब गेला तं मी अर्ज देईन, सांगून ठेवतो."

"दे. तुले अर्ज लिहिता येत नाही, मी लिहून देऊ का?"

तो हसला नाही, पण उठूनही गेला नाही. पाणी पाटात आलं, मातकट, काडीकचरा पुढे ढकलत. मी फावडं घेऊन त्याच्यासोबत चालत होतो. जिथे पाटाची कड पाझरायला लागे तिथे चिखलाचा गोळा दाबायचा, पुढे जायचं. माझं धान बाजूला उभं होतं, पानं वळलेली.

वहिनी खालून पाट चढून आली. तिने माझ्या बांधीकडे पाहिलं, मग पाटाकडे.

"थोडं फोडा ना भाऊजी एका ठिकानी. कोन पाहून राहिला?"

"तो पाहून राहिला."

"त्याले पाहू द्या. एक घमेलंभर पान्यानं काय होते?"

"नाही."

"तुमाले हट्ट कराले बी उशिराच सुचते," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. "हटा. तुमचा पाट वाकडा हाय."

शेवटची दहा-बारा पावलं तिने पाट सरळ केला. मी वर कडेला उभा राहिलो, पाझर दाबत. खालून तिचा आवाज आला, पहिली बांधी भरली, आता दुसरी. मी माझ्या धानाकडे पाठ करून तिथेच चिखलात उभा राहिलो, दुसरी भरेपर्यंत.